रेवा कोणी दाबली नव्हती, आणि तिची बॅटरी आयुष्यभर टिकतही नव्हती

काल रात्री मामाचा फोन. नाशिकला कुणाच्या तरी पार्किंगमध्ये २००६ सालची रेवा, ती छोटी इलेक्ट्रिक कार, धूळ खात पडलीय, ८० हजारात मिळतेय, उद्या टोकन देतो म्हणाला. कारण फॅमिली ग्रुपवर फिरणारा तो मेसेज: 'जगातली पहिली इलेक्ट्रिक कार बंगळुरूत बनली, शंभर टक्के स्वदेशी, बॅटरी आयुष्यभर बदलावी लागत नव्हती, म्हणून पेट्रोल लॉबीने कंपनी बंद पाडली आणि टेक्नॉलॉजी टेस्लाने उचलली.' मला हा मेसेज इतक्यांदा आलाय की वाचायचंही सोडून दिलं होतं, पण आता घरातला माणूस त्यावर पैसे घालायला निघाला म्हणून लिहितोय.

आधी बॅटरी, कारण पैसे तिथेच बुडणार आहेत. २००१ मध्ये आलेल्या रेवात लेड-ॲसिड बॅटऱ्या होत्या, ६ व्होल्टच्या आठ, पुढच्या सीटखाली. म्हणजे आपल्या इन्व्हर्टरच्याच जातीच्या. तुझी इन्व्हर्टरची बॅटरी किती वर्षं टिकली रे मामा? आणि ही तर रोज गाडी ओढणार, त्यात डिस्टिल्ड वॉटर घालत राहायचं, विसरलं की प्लेटा उघड्या पडल्या आणि सेल गेला. नवी असताना कंपनी एका चार्जला ८० किलोमीटर सांगायची, बॅटरी म्हातारी होईल तसं ते घटत जातं, मग आठच्या आठ बदला. शिवाय चार्ज न करता वर्षानुवर्षं उभ्या गाडीत बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर चढतो, ती बॅटरी मेलेलीच धर. लिथियमवाली रेवा २००९ मध्ये आली, तुझ्या गाडीनंतर.

कंपनी बंद पाडली म्हणे! २६ मे २०१० ला महिंद्राने जाहीर केलं की रेवातला ५५.२ टक्के हिस्सा घेतोय. गुपचूप नाही, सगळ्या पेपरांत छापून आलं. रेवाचे संस्थापक चेतन मैनी त्यानंतरही तिथेच होते आणि २०१३ मध्ये त्याच कंपनीची ई-टू-ओ ही इलेक्ट्रिक कार बाजारात आली. त्याआधी हीच रेवा जी-विझ नावाने लंडनच्या रस्त्यांवर फिरत होती.

बाकीचं पटकन. जगातली पहिली? अमेरिकेतली डेट्रॉइट इलेक्ट्रिक कंपनी १९०७ पासून इलेक्ट्रिक गाड्या बनवत होती. भारतातलीही नाही, केरळातली लव्हबर्ड १९९३ ची. शंभर टक्के स्वदेशी? १९९४ मध्ये कंपनी सुरू झाली तीच मैनी ग्रुप आणि कॅलिफोर्नियाच्या अमेरिगॉन कंपनीच्या भागीदारीत. आणि टेस्लाच्या पहिल्या गाडीत लॅपटॉपमध्ये असतात तसले हजारो लिथियम सेल होते, तिने लेड-ॲसिडवाल्या रेवातून उचलायचं तरी काय?

एक मान्य करतो, करावंच लागतं. लंडनमध्ये या गाडीला कंजेशन चार्ज, म्हणजे शहराच्या मध्यभागी गाडी नेण्याचं शुल्क, माफ होता, आपल्याकडे सुरुवातीच्या वर्षांत सरकारचं तसं पाठबळ मिळालं नाही. त्याचा रागच येतो मला. पण दुर्लक्ष वेगळं आणि कट वेगळा.

मामा, गाडी मनापासून आवडली असेल तर घे, पण आधी मालकाला पुढची सीट काढून आठही बॅटऱ्या दाखवायला सांग, नव्या सेटचं कोटेशन काढ, आणि तोवर टोकन देऊ नकोस.