दहा मुलांच्या आजीला मध्ये आणू नका

वसुबारशीच्या आदल्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. यंदा पाठवणारे काका तिसऱ्या मजल्यावरचे, गेल्या वर्षी दुसरे कुणी होते. मजकूर तोच. ज्यांना अजून आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात:

"आमच्या आया दहा-दहा मुलं सांभाळून, चुलीपुढे बसून, डबे भरभरून फराळ एकटीने करायच्या. कधी 'थकले' म्हणाल्या नाहीत. आजच्या आईला दोन मुलं, हाताशी मिक्सर न् वॉशिंग मशीन, तरी फराळ विकतचा, मूल मोबाईलवर आणि बाईसाहेब स्ट्रेसमध्ये! दोष काळाचा नाही, वृत्तीचा आहे. पटलं तर पुढे पाठवा."

खाली जोडलेले हात आणि एक पणती.

मला पटलं नाही. एरवी वाचून सोडून दिलं असतं. पण तो माझ्या आईला तिच्या भिशीच्या ग्रुपवर आला, सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचला, आणि ऑफिसात एकीने वाचून फोन टेबलावर पालथा घातला. तिचं बाळ चार महिन्यांचं आहे. म्हणून एकेक वाक्य धरून बोलते.

"दहा-दहा मुलं सांभाळून."

माझ्या आजीची, आईच्या आईची, अकरा बाळंतपणं झाली. हा आकडा आमच्याकडे मोठ्या कौतुकाने सांगतात. जगली सात, हे मात्र त्याच दमात कुणी सांगत नाही. एक गोवरात गेला, तो ऐन दिवाळीत. आजी नंतर कितीतरी वर्षं नरकचतुर्दशीच्या पहाटे सगळ्या पोरांना तेल लावून झालं की वाटीत थोडं तेल ठेवायची. का, ते आम्हाला मोठेपणी कळलं. 1971 सालीसुद्धा देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे 129 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. आज हा आकडा तिसाच्या आत आलाय. आजीची बाळंतपणं तर 1971 च्याही आधीची. तेव्हा दहा मुलांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी त्या वाटीतल्या तेलाचाही हिशोब ठेवावा.

आणि सांभाळली कुणी? थोरल्या मावशीने. चौथीत तिची शाळा सुटली, कारण एक भावंड कडेवर आणि एक बोटाला. मावशी आता ऐंशीच्या घरात आहे. "मला झाली दोन, वाढवली सहा," असं ती हसत सांगते, पण कुणाची तरी नात बारावी झाली की पेढा हातात घेऊन जरा वेळ गप्प बसते.

बरं, ही दहा मुलं हौसेने व्हायची, असंही नाही. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते 1921 साली. त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गेली, पुढे 'समाजस्वास्थ्य' मासिकापायी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. मूल नको असेल तेव्हा नको म्हणण्याची सोय असावी, एवढंच ते म्हणत होते. त्या पिढीच्या बायकांना ती सोय नव्हती, आणि आपण त्यालाच त्यांची ताकद म्हणतो.

"एकटीने करायच्या."

हे वाक्य वाचून सासूबाई खरोखर चिडल्या. त्यांचं लग्नानंतरचं सगळं आयुष्य साताऱ्याच्या एका वाड्यात गेलं. "एकटीने? आमच्यात चकल्यांना चौघी लागायच्या. एक भाजणी मळून द्यायची, एक सोऱ्या फिरवायची, एक तळायची, आणि एक नुसती पोरं हाकलायची." वाड्यात पाळ्या असत. आज या घरच्या करंज्या, उद्या त्या घरच्या. करंज्यांना तर आख्खी आळी जमायची, कारण लाटलेली पारी सुकायच्या आत भरावी लागते, आणि एका बाईला दोनच हात.

या चौघींत कोण असायचं, तेही सांगायला हवं. चुलत जावा, माहेरपणाला आलेली नणंद, आणि बहुतेक घरांत एक विधवा आत्या किंवा काकू, जी दोन वेळच्या जेवणावर आयुष्यभर चुलीपुढे राबली. फोटोत ती कडेला असते, नाहीतर नसतेच. मेसेजमधल्या 'आमच्या आया' उभ्या आहेत त्या तिच्या फुकटच्या कष्टांवर. ती व्यवस्था परत यावी असं मला मुळीच वाटत नाही. पण तिला खोडून 'एकटीने' लिहू नका.

एकटीने तळणं म्हणजे काय, ते आमच्या स्वयंपाकघरात येऊन बघा. ओट्याशी एक बाई उभी राहिली की दुसरीला आडवं व्हावं लागतं, एवढीच जागा. गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या आदल्या दुपारी सासूबाई गावी, नवरा ऑफिसला. चकलीचा पहिला घाणा तेलात सोडला. चकली मध्येच सोडून जाता येत नाही. तेलातले बुडबुडे निवेपर्यंत उभं राहावं लागतं, आधी काढली तर संध्याकाळपर्यंत मऊ पडते, उशीर झाला तर काळी. आणि नेमकी त्याच वेळी बाथरूममधून तीन वर्षांच्या लेकीची हाक, "आई, झाऽऽली!" तेवढ्यात बेल. दाराशी सात वर्षांचे चिरंजीव, कोपरापर्यंत किल्ल्याच्या चिखलात, मागे चार मावळे. बुरुज ढासळलाय, आत्ताच्या आत्ता विटा पाहिजेत. मी झारा हातात घेऊन लेकीकडे पळाले, परत आले तर स्वयंपाकघरात धूर, आणि पांढऱ्या भिंतीवर महाराजांच्या मावळ्यांचे पाच पंजे.

तो घाणा मी टाकला. मग ओट्याला टेकून रडले. चकलीसाठी कोण रडतं, हा प्रश्न मलाही तेव्हा पडला होता. अख्ख्या दुपारी माझ्याशी बोलणारं, चार फुटांपेक्षा उंच असं एकही माणूस घरात नव्हतं.

"कधी थकले म्हणाल्या नाहीत."

म्हणाल्या. ऐकणारे दुसरीकडे होते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या भरल्या एक लाखाच्या वर. पहाटे दळताना, पुरुषमाणसं झोपलेली असताना म्हटलेल्या. त्यात लेकराचं कौतुक आहे, भावाची वाट पाहणं आहे, आणि बाईचा जन्म पुन्हा देऊ नको, रात्रंदिवस परक्याची ताबेदारी आहे, असं देवाला विनवणंही आहे. भोंडल्यात आपण अजून फेर धरतो ते कसलं गाणं आहे? सून माहेरी जाऊ का म्हणून विचारते, आणि सासू तिला आधी कारल्याचं बी पेरायला लावते. मग वेल येऊ दे, मग कारली लागू देत, मग भाजी होऊ दे. सुट्टीचा अर्ज कसा लांबवतात हे यापेक्षा नेमकं मी कुठल्याही ऑफिसात पाहिलेलं नाही.

आणि 'माहेर' हा शब्द तरी काय आहे? दिवाळीला लेकीला माहेरी आणायची, तिथे तिला काडी उचलू द्यायची नाही, ही रीत याच समाजाने घातली. बाई थकते हे ठाऊक असल्याशिवाय कुणी अशी रीत घालतं का?

"मिक्सर न् वॉशिंग मशीन."

मिक्सरने खांद्याचं दुखणं वाचवलं. त्यासाठी त्याला रोज हळदकुंकू वाहायची माझी तयारी आहे. पण केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीचे आकडे बघा. घरकाम करणाऱ्या बाया 2019 साली त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या, 2024 साली 289. मधल्या पाच वर्षांत वाचली ती दहा मिनिटं. घरकाम करणारे पुरुष 2019 ला 97 मिनिटं देत होते, 2024 ला 88. म्हणजे थोडीफार सवलत त्यांनीही घेतली. मुलांचं, आजाऱ्यांचं, म्हाताऱ्यांचं करणं वेगळं धरलंय: बायका 137 मिनिटं, पुरुष 75. आणि हे वर्षभराचे साधे दिवस झाले, यात दिवाळीची साफसफाई वेगळी नाही.

शिवाय मशीन कपडे धुतं, पण उटणं संपलंय हे त्याला आठवत नाही. भाऊबीजेला कुणाकडे काय न्यायचं, शाळेने सुट्टीत दिलेला 'टाकाऊतून टिकाऊ' आकाशकंदील कधी करायचा, लेकीच्या नव्या फ्रॉकची जर टोचते म्हणून आतून सुती कापड लावायचंय, कामवाल्या ताईंची दिवाळी, सासऱ्यांच्या शुगरच्या गोळ्या. ही यादी माझ्या डोक्यात चोवीस तास चालू असते. नवरा चांगला आहे, "सांग ना, काय करू?" असं विचारतो. सांगणं हेच एक काम आहे, हे त्याला यंदा पटलं. कसं, ते शेवटी येतं.

"फराळ विकतचा." आहे. चकल्या समोरच्या इमारतीतल्या बचतगटाच्या ताईंकडून घेते. लिज्जतचे पापड 1959 साली गिरगावात सात बायकांनी लाटायला घेतले. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. एका बाईच्या हातचं दुसऱ्या घरात दाम मोजून जाणं यात नवीन काय आहे? एक गोष्ट मात्र मला टोचते. या ताईंनाही दोन मुलं आहेत, त्यांनाही शाळेला सुट्टी आहे, आणि ऑर्डरीच्या दिवसांत त्या रात्री दोनपर्यंत तळत असतात. माझा थकवा मी थोडा तिकडे ढकलते. निदान तिथे त्याचे पैसे मिळतात. म्हणून मी भाव करत नाही.

"मूल मोबाईलवर." हे खरं आहे, यावर वाद घालत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, कमीच बरा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तळणाच्या दिवशी आमच्याकडे ती मर्यादा सकाळी अकरालाच ओलांडली जाते. उकळत्या तेलाजवळ तीन वर्षांचं मूल की कार्टून, यात मी कार्टून निवडते. वाड्यात पोरं हाकलायला चौथी बाई होती. माझ्याकडे मोबाईल आहे. काकांनी दुपारी दोन तास पार्किंगमध्ये किल्ल्याजवळ खुर्ची टाकून बसायचं कबूल केलं तर मी तोही बंद करते.

राहिलं शेवटचं, "दोष वृत्तीचा आहे." हे वाक्य मला सगळ्यांत जास्त लागलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) महाराष्ट्रात 15 ते 49 वयातल्या 54.2 टक्के बायकांना रक्तक्षय आहे. निम्म्याहून जास्त. जिन्याने आकाशकंदील वर नेताना जिला धाप लागते, तिची वृत्ती तपासायच्या आधी हिमोग्लोबिन तपासा. दुसरी गोष्ट कुणी उघड बोलत नाही, पण औषधाच्या दुकानात विचारा: गणपती आणि दिवाळीच्या आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागायला किती बायका येतात. अनेकजणी डॉक्टरांना न विचारता घेतात. ज्यांना रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा यकृताचा त्रास आहे त्यांना त्या धोक्याच्या असतात. पूजा निर्विघ्न पार पडावी म्हणून स्वतःच्या शरीराचं वेळापत्रक बदलणाऱ्या बाईला आळशी म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि ती ऑफिसातली, चार महिन्यांच्या बाळाची आई. विकसनशील देशांत बाळंतपणानंतर साधारण पाचातल्या एकीला मानसिक आजाराने, मुख्यतः नैराश्याने, गाठलेलं असतं, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. बाळ झोपलं तरी डोळा लागत नाही, कशातच मन लागत नाही, उगाच रडू येतं, आपण आई म्हणून नालायक आहोत असं वाटतं, आणि हे दोन आठवड्यांच्या वर चालतं, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असं मनात आलं तर एक दिवसही थांबू नये. सरकारची 'टेली-मानस' सेवा 14416 वर चोवीस तास, फुकट आणि मराठीतही मिळते. तिला मी हा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. तिने चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि विचारलं, "तुला कसं कळलं?" मी तिला माझ्या पहिल्या दिवाळीची गोष्ट सांगितली. ती इथे सांगणार नाही.

तर यंदाचं आमचं. यादी मी कोजागिरीनंतर कागदावर उतरवली आणि फ्रिजवर लावली, त्रेसष्ट कामं निघाली. नवऱ्याने ती उभ्यानेच वाचली, मग खुर्ची ओढून परत वाचली. आठवण न करता करायची अशी सव्वीस कामं त्याने घेतली. उटणं आणायला विसरला, त्यामुळे यंदा अभ्यंगस्नान बेसन आणि हळदीचं झालं. पोरांनी जास्त मजा केली. घरी फक्त चिवडा आणि शंकरपाळे. शंकरपाळ्याचं मोहन त्याने घातलं, अंदाज चुकला, तेलात टाकल्यावर निम्मे विरघळले. तो चुरा आम्ही चमच्याने खातोय.

सासूबाईंना टाइप करायचा कंटाळा. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर आवाजातला मेसेज टाकला, सतरा सेकंदांचा: "भाऊजी, तुमच्या आईंना मी चांगली ओळखत होते. त्यांच्या चकल्यांचा सोऱ्या तुमची थोरली बहीण फिरवायची. तिला विचारून बघा एकदा, हाताला घट्टे होते का ते."

काकांनी अंगठा पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून डब्यात अनारसे आले. हसलेले होते, जाळी पडली नव्हती. त्यांनी स्वतः केले होते म्हणे, बहिणीला फोन लावून.