गोम्यातील चहा आणि मैत्री

परदेशी नेमणुकीवर गेलेल्या जवानाने छावणीबाहेरचे शहरही अनुभवावे, असे एका लेखात वाचले आणि ते मला पटले. मात्र शांतिसेनेत सुरक्षेच्या नियमांमुळे ते दर वेळी जमतेच असे नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत मी काँगोतील गोमा या किवू सरोवराकाठच्या शहरात होतो. जानेवारी २००२ मध्ये न्यीरागोंगो ज्वालामुखीचा लाव्हा या शहरात शिरला होता आणि त्याच काळ्या दगडाची कुंपणे लोकांनी पुढे घरांभोवती रचली. देवळालीत काळ्या दगडातच वाढलेल्या मला ती परकी वाटली नाहीत. चुकुडू नावाच्या लाकडी, दुचाकी ढकलगाडीवर बटाट्याची पोती लादून उतारावरून सुसाट येणारे तरुण पाहून प्रथम छातीत धस्स होई. त्यांतलाच एक आमच्या फाटकाजवळ थांबू लागला. स्वाहिलीत चहाला ‘चाय’, गाडीला ‘गारी’ आणि दुकानाला ‘दुका’ म्हणतात, एवढ्या भांडवलावर आमच्या गप्पा सुरू झाल्या. (तिथली सरकारी भाषा फ्रेंच; ती मला शेवटपर्यंत आली नाही.) घरून आलेला नाशिकचा चिवडा त्याला दिला, तेव्हा डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो खोकला आणि लगेच पुन्हा हात पुढे केला.

– एक निवृत्त सैनिक, देवळाली कॅम्प, नाशिक