भुईआवळ्याच्या रसाने म्हशीच्या यकृतातले कृमी पडत नाहीत

गोठेवाल्यांच्या मोबाइलवर फिरणारा संदेश थोडक्यात असा: भुईआवळा, किराईत आणि हळद वाटून त्यांचा दोन लिटर रस जनावराला सात दिवस पाजा. यकृतातले कृमी शेणावाटे पडतात, यकृत नव्यासारखे होते. डॉक्टरांचे औषध नको, त्यानेच यकृत बिघडते. यात खरा अंश आहे, पण थोडा. उरलेल्या भागावर विसंबून महिना घालवला तर दुभती म्हैस हातची जाऊ शकते.

‘कृमी शेणावाटे पडतात.’

आपल्या गुरांत आढळतो तो यकृतकृमी म्हणजे फॅसिओला जायगँटिका. चपटा, तीन ते सात सेंटिमीटर लांब. तो आतड्यात राहत नाही, यकृतातल्या पित्तनलिकांत राहतो. औषधाने मेला तरी तिथेच विरघळतो किंवा पित्ताबरोबर आतड्यात उतरून पचतो. तो शेणात अख्खा दिसावा अशी अपेक्षाच चुकीची आहे. मग रस पाजल्यावर लोकांना जे दिसते ते काय? शिजलेल्या भाताच्या शितांसारखे पांढरे तुकडे असतील तर ते आतड्यातल्या पट्टकृमीचे. गुलाबी, जाडसर, शंकूच्या आकाराचे आणि सेंटिमीटरभर असतील तर ते पोटातले अँफिस्टोम नावाचे कृमी. यकृताशी दोघांचाही संबंध नाही.

खात्री करायची तर शेण तपासावे लागते, आणि तेही योग्य पद्धतीने. पाच ग्रॅम शेण २०० मिलिलिटर पाण्यात ढवळून चहाच्या गाळणीने गाळतात, पाचेक मिनिटे स्थिर ठेवतात आणि वरचे पाणी अलगद ओतून टाकतात. पाणी नितळ होईपर्यंत हेच पुन्हा करायचे. तळाच्या गाळात मिथिलिन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब टाकला की गवताचे कण निळे होतात, यकृतकृमीची अंडी मात्र सोनेरी-पिवळी राहतात. अँफिस्टोमची अंडी जवळपास तेवढीच मोठी, पण रंगहीन. मिठाच्या पाण्यावर अंडी तरंगवून बघण्याची नेहमीची रीत इथे फसते, कारण ही अंडी जड असतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात नमुना देताना ‘गाळ पद्धतीने बघा’ एवढे आवर्जून सांगावे. शिवाय लागण झाल्यावर तीन-चार महिन्यांनीच अंडी दिसू लागतात. म्हणून गळ्याखाली पाणी उतरले आहे, डोळ्यांच्या आतली त्वचा पांढरी पडली आहे आणि तपासणीत मात्र काही नाही, असे झाले तर निर्धास्त राहू नये.

‘यकृत नव्यासारखे होते.’

खरा अंश इथे आहे, म्हणून जरा थांबून पाहू. भुईआवळ्यातले फायलॅन्थिन, किराईतातले अँड्रोग्राफोलाइड, हळदीतले कर्क्युमिन, मिल्क थिसल या काटेरी वनस्पतीच्या बियांतले सिलिमरिन यांवर प्रयोगशाळांत भरपूर काम झाले आहे आणि यकृताच्या पेशींना त्यांचा आधार मिळतो असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. भुईआवळ्याचा बोलबाला झाला तो १९८८ साली चेन्नईच्या संशोधकांनी हिपॅटायटिस बीच्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासामुळे. तो विषाणूचा आजार, कृमीचा नव्हे. आणि पुढे इतरांना तसे निकाल मिळाले नाहीत.

कृमींच्या बाबतीत जे प्रयोग सांगितले जातात त्यांतले बरेच शिस्टोसोमा नावाचा दुसराच कृमी झालेल्या उंदरांवरचे आहेत. सिलिमरिनने त्यांच्या यकृतात व्रणासारखे साचलेले तंतू कमी झाले, हे खरे. पण शिस्टोसोमा रक्तवाहिनीत राहतो आणि यकृत बिघडवतात ती त्याची अडकलेली अंडी. यकृतकृमीची गोष्ट वेगळी. त्याची पिल्ले आतड्याची भिंत भेदून यकृतात शिरतात आणि आठवडेच्या आठवडे मांस पोखरत फिरतात. मोठी झाली की पित्तनलिकेत बसून रक्त पितात. एका कृमीमागे दिवसाला ०.२ ते ०.५ मिलिलिटर रक्त जाते असे धरतात. शंभर कृमी असतील तर हिशेब करा. पोखरणारा आत जिवंत असेपर्यंत कोणतेही टॉनिक ती जखम भरून काढणार नाही. जाड होऊन चुना साचलेली नलिका तर कशानेच पूर्ववत होत नाही.

आणखी एक अडचण पोटाची. कर्क्युमिन माणसाच्याही रक्तात फार थोडे उतरते. गुरांत तर आधी रूमेन, म्हणजे पोटाचा पहिला मोठा कप्पा, तिथे पन्नास लिटरहून अधिक आंबणारा चारा आणि त्यातले जिवाणू. त्यातून यकृतापर्यंत किती पोहोचते, हे रस वाटणाऱ्याला कळत नाही.

वनस्पतीजन्य द्रव्य कृमीवर चालतच नाही, असे आम्ही म्हणत नाही. आर्टेमिसिया या वनस्पतीपासून बनवलेल्या आर्टेमेथर, आर्टेसुनेट यांनी मेंढ्यांतल्या यकृतकृमींवर परिणाम दाखवला आहे. पण ती शुद्ध करून रासायनिक बदल केलेली, मोजून टोचलेली औषधे आहेत. पाट्यावरचा रस नव्हे.

‘औषधानेच यकृत बिघडते, रस निर्धोक.’

औषध चुकीचे दिले तर नुकसान होते, हे मान्य. क्लोझँटेल जास्त झाले तर जनावर आंधळे होऊ शकते, अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या दीड महिन्यात देऊ नये. म्हणूनच वजन अंदाजाने धरायचे नाही. छातीचा घेर इंचांत, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले ३००. हे पौंड झाले, २.२ ने भागले की किलो. घेर ७२ आणि लांबी ५८ असेल तर सुमारे ४५५ किलो. ट्रायक्लाबेंडाझोल हे यकृतकृमीचे औषध किलोला १२ मिलिग्रॅम धरले तर साडेपाच ग्रॅमच्या आसपास. दुभत्या जनावराला कोणते औषध द्यायचे आणि दूध किती दिवस वापरायचे नाही, हे डॉक्टरांकडूनच घ्यावे.

उलट रसाचा धोका कोणी सांगत नाही. मान वर ओढून, जीभ धरून नळकांड्याने दोन लिटर ओतले की ठसका लागतो, रस श्वासनळीत जातो आणि दोन दिवसांत न्यूमोनिया. अशक्त, रक्त कमी झालेल्या म्हशीला तेवढे पुरते.

‘पावसाच्या तोंडावर एकदा पाजले की वर्षभर बघायला नको.’

संदेशाच्या शेवटी हेही असते. वायंगण शेती (पावसाळ्यानंतर पाण्यावर घेतलेला भात) असलेल्या गोव्यात हे अजिबात लागू नाही. कृमीची पिल्ले जनावरात जाण्याआधी गोगलगायीत वाढतात, आणि ही गोगलगाय गोड्या पाण्यातली. खारे पाणी भरलेल्या खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) ती टिकत नाही, पण तिळारी आणि अंजुणे धरणाच्या कालव्यांवरच्या वायंगणात ती उन्हाळ्यापर्यंत जगते. सप्टेंबरात लागण झालेल्या म्हशीत कृमी डिसेंबर-जानेवारीत पक्व होतो. ऑक्सिक्लोझानाइड किंवा अल्बेंडाझोल फक्त पक्व कृमी मारते, त्यामुळे ऑक्टोबरात दिले तर पिल्ले सुटतात आणि १० ते १२ आठवड्यांनी पुन्हा द्यावे लागते. ट्रायक्लाबेंडाझोल पिल्लांवरही चालते. आयव्हरमेक्टिनचा मात्र या कृमीवर काहीही परिणाम नाही, मग ते कितीदाही टोचा.

डोस दिल्यावर आठवड्याने यकृताचे टॉनिक, अगदी भुईआवळ्याचे असले तरी, चाऱ्यात मिसळून द्यायला हरकत नाही. सोबत पेंड वाढवावी, कारण गेलेली प्रथिने त्यातूनच भरून येतात. शेण पुन्हा तपासायचे ते चार आठवड्यांनी. त्याआधी पित्ताशयात साठलेली जुनी अंडी येत राहतात आणि औषध वाया गेले असे उगाच वाटते. वायंगणाचा ताजा पेंढा घालताना पाण्यात उभा असलेला बुंध्याकडचा तिसरा हिस्सा कापून टाकावा, कारण लागणीच्या गाठी (गोगलगायीतून बाहेर पडून कवचात बसलेली पिल्ले) बहुतेक तिथेच चिकटलेल्या असतात. उरलेला पेंढा निदान तीन दिवस कडक उन्हात पसरून मगच गव्हाणीत टाकावा.