दुकानासमोरची १३५ चौरस फूट जागा

गेले पंधरा दिवस एक मेसेज फिरतोय. आमच्या व्यापारी ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, काल मामेभावानेही पाठवला. मजकूर साधारण असा: ‘पुण्यात आता सायकल चालवतं कोण? रिकाम्या ट्रॅकसाठी पेठांमधलं पार्किंग काढलं तर गिऱ्हाईक मॉलकडे वळेल आणि दुकानं बसतील. रोड टॅक्स आम्ही भरतो, सायकलवाले नाही. आधी पुरेसं पार्किंग द्या, मग सायकलचं बघा. हे पुणं आहे, हॉलंड नाही. इथे चढ आहेत, ऊन आहे.’

अप्पा बळवंत चौकाजवळ माझं वह्या-पेनांचं दुकान आहे. सहकारनगरहून रोज सायकलने येतो. मेसेज पाठवणारे बरेचजण माझ्या ओळखीचे आहेत आणि धंद्याची त्यांची काळजी खरी आहे. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

दुकानं बसतील, या भीतीपासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे.

दिवाळीनंतर एका मंगळवारी मी बिलबुकाच्या मागच्या पानावर एक टिपण केलं. दुकानासमोर तीन चारचाकी मावतात. पहिली सकाळी पावणेदहाला लागली, ती शेजारच्या दुकानमालकाची. दुसरी वरच्या मजल्यावरच्या ऑफिसमधल्या साहेबांची. दोन्ही गाड्या रात्री आठ वाजता तिथेच होत्या. तिसऱ्या जागेवर दिवसभरात पाच गाड्या येऊन गेल्या, त्यातल्या एकीतून उतरलेल्या बाई माझ्याकडे आल्या. त्या दिवशीचं बाकीचं गिऱ्हाईक चालत, दुचाकीवर, रिक्षाने किंवा बसने आलं. गिऱ्हाइकासाठी जपतोय म्हणतो ती जागा आपणच अडवून बसलोय. विश्वास बसत नसेल तर आपापल्या दारात एक दिवस टिपण करून बघा.

हा गैरसमज पुण्यातच आहे असंही नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये दुकानदारांना विचारलं, तर ते म्हणाले ४१ टक्के गिऱ्हाईक गाडीने येतं. गिऱ्हाइकांना विचारल्यावर आकडा निघाला २२ टक्के. कॅनडात टोरांटोच्या ब्लूर स्ट्रीटवर २०१६ मध्ये पार्किंगच्या शेदीडशे जागा काढून सायकलच्या लेन आखल्या. तिथल्या व्यापाऱ्यांची भीतीही हीच होती. पाहणीत गिऱ्हाइकांच्या फेऱ्या आणि खर्च दोन्ही वाढलेले दिसले, आणि पुढच्या वर्षी त्या लेन कायम झाल्या. टोरांटोचं गिऱ्हाईक वेगळं, हे मान्य. मग आपल्याकडचं बघा. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर नगरकर तालीम ते गरुड गणपती हा पट्टा गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. त्या दिवशी रस्ता ओस पडत नाही, माणसांनी फुलतो.

व्यापाऱ्याची खरी अडचण वेगळी आहे: माल उतरवायचा कुठे? जूनमध्ये वह्यांचे गठ्ठे घेऊन टेम्पो येतो, तेव्हा त्याला टेकायला जागा नसते. तो मधोमध उभा राहतो, मागे हॉर्न वाजत राहतात आणि हमाल उभ्या गाड्यांच्या फटीतून गठ्ठे आत आणतात. त्यासाठी ठरावीक तासांची, राखीव मालउतार जागा मागायला हवी. अपंग आणि वृद्ध गिऱ्हाइकांसाठीही दाराजवळ राखीव जागा हवी. सकाळी दहाला लावून रात्री नेलेली गाडी यातलं काहीच होऊ देत नाही.

आता रोड टॅक्स. गाडी घेताना आरटीओत भरलेला कर राज्य सरकारच्या तिजोरीत जातो. पेठेतले रस्ते महापालिका सांभाळते आणि तिच्याकडे येणारा मिळकतकर सायकलवालाही भरतो. भाड्याने राहणारा तो घरभाड्यातून भरतो. शिवाय कुठलाही कर भरला म्हणून सार्वजनिक रस्त्याचा तुकडा दिवसभर आपल्या नावावर होत नाही. एका चारचाकीला पाच मीटर लांब, अडीच मीटर रुंद जागा लागते, म्हणजे जवळजवळ १३५ चौरस फूट. माझं दुकान त्याहून लहान आहे. त्याचं भाडं मी दर महिन्याच्या पाच तारखेला मोजतो आणि दारातली त्याहून मोठी जागा फुकट वापरली जाते. त्याच जागेत दहा सायकली सहज लागतात.

‘आधी पुरेसं पार्किंग द्या.’ पुरेसं म्हणजे किती, हे कुणी सांगत नाही, कारण फुकट जागेला मागणी संपतच नाही. मंडईत आर्यन आणि मिसाळ हे महापालिकेचे वाहनतळ आहेत, नारायण पेठेत हमालवाड्याचा आहे. पण बाहेर रस्त्यावर फुकट लावता येत असेल तर आत पावती फाडून कोण लावणार? माणूस दोन फेऱ्या मारतो, डबल पार्किंग करतो, नाहीतर पी-वन पी-टूच्या, म्हणजे सम-विषम तारखेच्या पार्किंगच्या पाटीखाली तारीख न बघता लावतो आणि मग उचललेल्या गाडीमागे धावतो. अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर हाच विषय मांडला. त्यांचं सूत्र सरळ आहे: रस्त्यावरच्या जागेचा दर इतका ठेवा की प्रत्येक पट्ट्यात एकदोन जागा कायम मोकळ्या राहतील. ज्याला खरंच अर्ध्या तासाचं काम आहे, त्याला मग जागा मिळते. दिवसभर लावणारा वाहनतळात जातो, नाहीतर मेट्रोने येतो. सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठ आणि मंडई ही भुयारी स्थानकं सुरू आहेत, तेव्हा पर्याय नाही असंही म्हणता येत नाही.

आपल्या महापालिकेने हे कागदावर मान्यही केलंय. डिसेंबर २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर झाला आणि मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण, तेही आधी पाच रस्त्यांवर प्रयोग म्हणून. ओरड झाली आणि धोरण मागे पडलं. दोन्ही कागद एकमेकांशिवाय चालत नाहीत. उभ्या गाडीला दर नसेल तर ती सायकलच्या पट्ट्यात येऊन बसते, मग पट्ट्यावर कितीही खर्च करा.

‘ट्रॅक रिकामे असतात.’ खरं आहे, मीही बघतो. सातारा रस्त्याच्या जुन्या ट्रॅकवरून एकदा जाऊन या. उखडलेले पेव्हर ब्लॉक, मध्येच डीपीची पेटी, पुढे बसथांबा, त्यापुढे दुचाकींची रांग. शंभर पावलं सलग न जाणारा ट्रॅक कुणी वापरत नसेल, तर दोष सायकलवाल्याचा नाही. आणि सायकल चालवतं कोण, याचं उत्तर सकाळी सहाला मिळतं: पेपर टाकणारी पोरं, रात्रपाळी संपवून निघालेले वॉचमन, हॉटेलातले आचारी. नऊच्या पुढे बघणाऱ्यांना ते दिसत नाहीत.

मग नूमवि आणि हुजूरपागा या इथल्या शाळांची मुलं सायकलवर का दिसत नाहीत? आईबाप सोडत नाहीत म्हणून. गेल्या पावसाळ्यात बाजीराव रस्त्यावर उभ्या गाड्यांच्या रांगेलगत जात असताना माझ्यासमोर उजवीकडचं दार उघडलं. हँडल दारावर आदळलं, मी रस्त्यात पडलो, मागून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने ब्रेक दाबला. बसचा बंपर माझ्या चपलेपासून दोन हातांवर होता. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिलं. त्या ठिकाणी बारा वर्षांची मुलगी असती तर, हा विचार अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

यावर उपाय सगळं पार्किंग काढण्याचा नाही. मेसेज लिहिणाऱ्याने ‘गाडी की सायकल’ असं भांडण लावलंय, ते खोटं आहे. न्यूयॉर्कने २००७ मध्ये नाइन्थ अव्हेन्यूवर फक्त क्रम बदलला: आधी फुटपाथ, मग सायकलचा पट्टा, मग दार उघडायला रंगवलेली मोकळी जागा, मग उभ्या गाड्या, मग वाहतूक. उभी गाडीच सायकलवाल्याची भिंत झाली. जिथे रुंदी आहे तिथे आपल्याकडेही हे जमेल. जंगली महाराज रस्त्यावर नव्या रचनेत रुंद फुटपाथ, सायकलला जागा आणि आखलेलं पार्किंग एकाच रस्त्यात बसवलंय. तिथे दुचाकी ट्रॅकवर चढतात, ते थांबवायला हवं, पण सगळं बसतं हे दिसलं. बोळांमध्ये एवढी रुंदी नाही. तिथे एका बाजूचं पार्किंग जाईल आणि उरलेल्याला पैसे पडतील, हे मी लपवत नाही.

हॉलंडचं म्हणाल, तर १९७०च्या सुमारास ॲमस्टरडॅमचे चौकही गाड्यांनी भरलेले होते. अपघातात मुलं मरत होती, आईबाप रस्त्यावर उतरले, त्यात १९७३ चं तेलसंकट आलं. मग रस्ते बदलले. सायकल काही त्यांच्या रक्तात नव्हती. चढाचं म्हणाल, तर शनिवारवाड्यापासून स्वारगेटपर्यंत अडीच-तीन किलोमीटर आहेत आणि कात्रजसारखा घाट मध्ये कुठेही नाही. एप्रिल-मेचं ऊन कडक असतं, पण त्या उन्हात लोक दुचाकी चालवतातच.

व्यापारी मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी तीन मागण्या मांडणार आहे: बाजीराव रस्त्यावर मालउताराला सकाळी आठ ते दहा राखीव जागा, पहिल्या अर्ध्या तासानंतर तासागणिक वाढणारा दर, आणि आपण मालकांनी व आपल्या माणसांनी गाड्या वाहनतळात लावायच्या. तिसरीला कुणाची परवानगी लागत नाही. शेजाऱ्यांशी बोललोय. ते सोमवारपासून गाडी हमालवाड्यात लावून बघणार आहेत.