मागच्या सीटवर बसवलेला जेम्स चेनी : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न.

1964 साली मिसिसिपीत झालेल्या तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांच्या खुनांवर बेतलेल्या ‘मिसिसिपी बर्निंग’ या हॉलिवूडपटावरील माझ्या लेखावर आपण पाठवलेली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तिच्यातला राग वजा केला तर आपले म्हणणे असे दिसते, की हॉलिवूड उघडपणे डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेले आहे, वंशद्वेषावरचे त्याचे चित्रपट हा त्याच पक्षाचा प्रचार आहे, आणि ज्या चित्रपटात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेला इतके काळेकुट्ट रंगवले आहे त्याच्यावर गोऱ्यांना झुकते माप दिल्याचा ठपका ठेवणे हा निव्वळ खोडसाळपणा आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मतदानहक्काच्या आंदोलनावरच्या ‘सेल्मा’ या चित्रपटाला मी सोयीस्करपणे पाठीशी घातले, असेही आपण म्हटले आहे. हा शेवटचा आक्षेप मला मान्य आहे आणि त्याच्याकडे मी पुढे येतोच. बाकीच्यांशी मात्र वाद घातल्यावाचून राहवत नाही.

हॉलिवूडमधली बहुतेक मंडळी कोणत्या पक्षाच्या बाजूची आहेत, यावर आपले दुमत नाही. दुमत आहे ते पुढच्या पायरीवर. चित्रपट बनवणाऱ्याचे मत आणि पडद्यावर उतरणारा कल या दोन गोष्टी एकच आहेत, असे आपण गृहीत धरता. मी तसे धरत नाही, आणि का धरत नाही हे ‘मिसिसिपी बर्निंग’मधल्या सुरुवातीच्या एका प्रसंगावरून सांगतो.

21 जून 1964 रोजी मिसिसिपी राज्यातल्या नेशोबा परगण्यात जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकल श्वर्नर हे तीन तरुण कार्यकर्ते जाळल्या गेलेल्या एका कृष्णवर्णीयांच्या चर्चची पाहणी करून परतत होते. गुडमन आणि श्वर्नर न्यूयॉर्कचे, गोरे, ज्यू कुटुंबांतले. चेनी कृष्णवर्णीय, 21 वर्षांचा, जवळच्याच मेरिडियन गावचा. रस्ते त्याच्या पायाखालचे होते आणि गाडीही तोच चालवत होता. डेप्युटी शेरिफ सेसिल प्राइसने वेगमर्यादा ओलांडल्याच्या नावाखाली गाडी अडवली, तिघांना कोठडीत डांबले, रात्री सोडले आणि मग पाठलाग करून त्यांना क्लॅनच्या हवाली केले. आता चित्रपटातली तीच गाडी पाहा. सुकाणूवर गोरा तरुण आहे, कृष्णवर्णीय तरुण मागच्या सीटवर बसला आहे, आणि श्रेयनामावलीत त्याचा उल्लेख ‘ब्लॅक पॅसेंजर’ एवढाच आहे. पात्रांची नावे बदलली म्हणून माझी तक्रार नाही, तेवढी मोकळीक कथापटाला असतेच. पण चालकाला उचलून मागे बसवण्याने कथानकाचे कोणते काम साधले? त्याने ना ताण वाढतो, ना प्रसंग आटोपशीर होतो. मला वाटते, दिग्दर्शकाने हे मुद्दाम ठरवलेसुद्धा नसावे. गोरा पुढे आणि काळा मागे ही मांडणी त्याला इतकी स्वाभाविक वाटली असावी, की ती आपोआप झाली. आपोआप झाली म्हणूनच ती मला अधिक बोलकी वाटते.

गाडीतली हीच मांडणी पुढे सबंध चित्रपटाची होते. जीन हॅकमन आणि विलेम डॅफो यांनी रंगवलेले दोन एफबीआय अधिकारी नायक ठरतात आणि गावातले कृष्णवर्णीय रहिवासी बहुतेक वेळ भेदरलेले, मार खाणारे किंवा प्रार्थना करणारे दिसतात. त्यांच्यापैकी सर्वांत ठळक कृती करतो तो बाहेरून आणलेला एक कृष्णवर्णीय हस्तक, आणि तोही महापौराला वस्तऱ्याचा धाक दाखवून बोलते करण्यापुरता. हा प्रसंग सर्वस्वी कल्पित आहे. प्रत्यक्षात तपास पुढे सरकला तो खबऱ्यांना पैसे चारून आणि कटातली माणसे फोडून. डेप्युटीच्या बायकोचे हॅकमनपाशी मन मोकळे करणे हीसुद्धा पटकथेचीच देणगी. हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या प्रसंगाने माझेही डोळे पाणावले होते, हे प्रांजळपणे सांगतो. चित्रपट उत्तम बांधलेला आहे म्हणूनच त्याच्याशी भांडावेसे वाटते.

त्यातही, ज्या संस्थेला नायकपद दिले ती कोणती? एफबीआय, म्हणजे तिचा तेव्हाचा प्रमुख जे. एडगर हूवर याची. नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांना संरक्षण देणे हे आपले काम नव्हे, असे हूवर सांगत असे. त्याच 1964च्या नोव्हेंबरमध्ये त्याने मार्टिन ल्यूथर किंग यांना पत्रकारांसमोर देशातला सर्वांत कुप्रसिद्ध खोटारडा म्हटले, आणि त्याच महिन्यात त्याच्या खात्याने किंग यांना एक निनावी पत्र धाडले, ज्याचा रोख त्यांनी आत्महत्या करावी असा होता. चित्रपट डेमोक्रॅटिक पक्षाचा किंवा डाव्यांचा प्रचारपट असता, तर हूवरच्या एफबीआयवर त्याने एवढा लोभ का केला असता, याचे उत्तर आपल्या प्रतिक्रियेत मला सापडले नाही.

आणखी एक तपशील चित्रपटात नाही. या तिघांचा शोध चालू असताना जुलैमध्ये मिसिसिपी नदीच्या पात्रात हेन्री डी आणि चार्ल्स मूर या दोन कृष्णवर्णीय तरुणांचे अवशेष सापडले. त्यांना मे महिन्याच्या सुरुवातीलाच क्लॅनने मारले होते, आणि त्यांच्यासाठी देशात कोणी नदीत गळ टाकलेला नव्हता. श्वर्नरच्या पत्नीने त्याच दिवसांत स्पष्ट बोलून दाखवले होते, की बेपत्ता झालेला एकटा चेनी असता तर एवढी धावपळ झालीच नसती.

मग हा कल येतो कुठून? माझे उत्तर मूळ लेखात होते, पण बहुधा मी ते पुरेसे ठासून मांडले नाही. तो तिकीटबारीवरून येतो. दिग्दर्शक अ‍ॅलन पार्कर यांनी स्वतःच कबूल केले होते, की नायक गोरे असणे भाग होते, त्यावेळी हा चित्रपट दुसऱ्या कोणत्याही प्रकारे बनलाच नसता. हॉलिवूडमध्ये हा हिशोब फार जुना आहे. चित्रपटांत काय दाखवायचे याचे नियम घालणाऱ्या 1930च्या निर्मितीसंहितेने गोरे आणि काळे यांच्यातला प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायला मनाई केली होती. 1940च्या दशकात एमजीएम स्टुडिओच्या संगीतपटांत लीना हॉर्न या कृष्णवर्णीय गायिकेची गाणी अशी सुटी चित्रित केली जात, की दक्षिणेतल्या राज्यांत पाठवायच्या प्रतींतून ती कापली तरी कथेला खरचटू नये. कापणाऱ्यांचा आणि कापण्याची सोय करून देणाऱ्यांचा पक्ष कोणता होता हे शोधत बसण्यात अर्थ नाही. त्यांना अटलांटा आणि मेम्फिसमधली तिकिटे खपवायची होती. आणि पूर्वीचे हॉलिवूड निःपक्ष होते, आता बिघडले, या आपल्या वाक्यावर मी एवढेच म्हणेन, की 1915 साली क्लॅनला तारणहार ठरवणारा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला होता.

आजचे चित्रपट तरी यातून सुटले आहेत का? ‘हिडन फिगर्स’ हा 2016चा, आपल्या व्याख्येनुसार अस्सल उदारमतवादी चित्रपट. त्यात नासातली कृष्णवर्णीय गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन स्वच्छतागृहासाठी कचेरीच्या आवारात लांबवर धावत जाते, आणि हे कळताच तिचा गोरा वरिष्ठ कृष्णवर्णीय स्त्रियांच्या स्वच्छतागृहावरचा फलक सर्वांदेखत तोडून पाडतो. चित्रपटगृहात याच प्रसंगाला टाळ्या पडतात. वास्तविक तो वरिष्ठ हे अनेकांना मिसळून केलेले काल्पनिक पात्र आहे, फलक तोडण्याचा प्रसंग घडलेला नाही, आणि कथा 1961ची असली तरी नासाच्या लँगली केंद्रातल्या कृष्णवर्णीयांसाठीच्या वेगळ्या सोयी 1958 सालीच रद्द झाल्या होत्या. जॉन्सनबाईंनी त्याआधीही काय केले, तर ज्या दारावर पाटी नव्हती ते स्वच्छतागृह त्या बिनदिक्कत वापरत राहिल्या आणि हटकले तरी बधल्या नाहीत. त्यांचा तो शांत हट्ट काढून घेऊन पटकथेने एका गोऱ्या साहेबाच्या हाती हत्यार दिले. हे डावे की उजवे? मला तर ही निव्वळ गोऱ्या प्रेक्षकाची बडदास्त वाटते.

आता ‘सेल्मा’. इथे आपण मला बरोबर पकडले आहे. 2014च्या या चित्रपटात अध्यक्ष लिंडन जॉन्सन हे मतदानहक्काच्या वाटेतला अडसर म्हणून दिसतात, आणि त्या निनावी पत्रासोबत किंग यांच्या घरी गेलेल्या ध्वनिफितीमागेही त्यांचाच इशारा असल्याचे सुचवले जाते. 15 जानेवारी 1965 रोजी किंग यांच्याशी फोनवर बोलताना जॉन्सन यांनी स्वतःच सुचवले होते, की मतदार नोंदणीतल्या अडवणुकीचे सर्वांत वाईट उदाहरण शोधा आणि ते लोकांपुढे न्या. किंग यांच्या फोनवर पाळत ठेवायची परवानगी तर 1963 साली तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी दिली होती. मी मूळ लेखात या चित्रपटाला ‘तपशिलात चोख’ म्हटले, ते चुकलेच. मात्र सेल्माचे आंदोलन ही जॉन्सन यांचीच कल्पना होती, हा त्यांचे माजी सहायक जोसेफ कॅलिफानो यांचा दावा आपण जसाच्या तसा उचलला आहे, तो टिकत नाही. किंग यांनी सेल्मातली मोहीम 2 जानेवारीला, म्हणजे त्या फोनच्या तेरा दिवस आधी सुरू केली होती, आणि स्थानिक कार्यकर्ते तर 1963पासून तिथे मतदार नोंदणीसाठी राबत होते.

किंग यांची भाषणे दिग्दर्शिकेने आजच्या राजकारणाला सोयीची करून घेतली, या आपल्या आरोपाचे उत्तर मात्र अगदी व्यवहारी आहे. त्या भाषणांचे चित्रपटहक्क आधीच स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या कंपनीला दिलेले होते, त्यामुळे एव्हा ड्युव्हर्ने यांना मूळ शब्द वापरताच येत नव्हते. पडद्यावर ऐकू येणारी भाषणे त्यांनी त्याच ढंगात नव्याने लिहिली.

मूळ लेखातले ‘सेल्मा’विषयीचे वाक्य मी आज दुरुस्त केले आहे आणि चूक एका वाचकाने दाखवून दिली अशी नोंद खाली जोडली आहे. आपले नाव त्या नोंदीत घालायचे असेल तर तसे कळवावे. ‘मिसिसिपी बर्निंग’विषयी लिहिलेल्या मजकुरात मात्र मी काहीही बदललेले नाही.