‘टाकीच्या दहापट हवा’: ॲसिड टाकीच्या ब्लोअरचा चुकलेला हिशोब

एमआयडीसीतल्या व्हॉट्सॲप गटांवर एक ‘सोपा नियम’ फिरतोय: ॲसिडच्या टाकीचं जेवढं घनफळ, त्याच्या दहापट हवा ताशी खेचणारा ब्लोअर (टाकीतली वाफ ओढणारा पंखा) घ्या, ॲसिड कोणतंही असो, ब्लोअर मोठा झाला तर उत्तमच, पुढे ती वाफ धुऊन काढणारा पाण्याचा स्क्रबर लावला की काम झालं.

दहापटीचा आकडा माणसं बसतात त्या खोलीला शोभतो. टाकीत जेवढं ॲसिड शिरतं, तेवढीच वाफ बाहेर ढकलली जाते. पंप ताशी 20 घनमीटर भरत असेल, तर 30 केएलच्या (किलोलिटर, म्हणजेच घनमीटर) टाकीतून 20 घनमीटर आणि 100 केएलच्या टाकीतूनही 20च. उन्हाची भर किरकोळ: 30 घनमीटर रिकाम्या जागेतली हवा तासाभरात 10 अंश तापली, तर साधारण 1 घनमीटर बाहेर येते.

खरी गोम टँकरमध्ये आहे. कित्येक ठिकाणी टँकर पंपाऐवजी हवेच्या दाबाने खाली करतात. 20 केएलचा टँकर 1 किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाबावर रिकामा झाला, की त्यात 20 घनमीटर जादा हवा कोंडलेली उरते. व्हॉल्व्ह वेळेवर बंद झाला नाही तर ती सगळी टाकीत घुसते. तीन मिनिटांत सुटली तर हिशोब ताशी 400 घनमीटरचा! नियमानुसार 30 केएलला बसवलेला 300चा ब्लोअर नेमका तेव्हाच तोकडा पडतो. उलट पंपाने भरल्या जाणाऱ्या 100 केएलच्या टाकीला हाच नियम 1000चा ब्लोअर घ्यायला लावतो. ब्लोअर ठरवताना आधी विचारायचं ते टँकर कसा खाली होतो हे. टाकीचं ड्रॉइंग नंतर.

आणि मोठा ब्लोअर निरुपद्रवी नसतो. 20 अंशांना 32 टक्के एचसीएलवरच्या (हायड्रोक्लोरिक ॲसिडवरच्या) हवेत सुमारे 3 टक्के एचसीएल वायू असतो. भरताना निघणाऱ्या 20 घनमीटरमध्ये तो जेमतेम 1 किलो भरतो. ताशी 300 घनमीटर ताजी हवा टाकीतून फिरवली आणि ती जेवढा वायू धरू शकते त्याच्या निम्मा जरी तिने उचलला, तरी 7 किलो. म्हणजे विकत घेतलेलं ॲसिड उडवायचं आणि ते पकडायला मोठा स्क्रबरही घ्यायचा. त्यात हवा आत यायची वाट तुंबली, तर 100 मिमी पाण्याइतक्या खेचीनेही 3 मीटर व्यासाच्या छतावर 700 किलोंचा भार येतो. एफआरपीची (फायबरने मजबूत केलेल्या प्लॅस्टिकची) साधी टाकी यासाठी बनवलेली नसते.

‘ॲसिड कोणतंही’ हे तर सरळ चूक. 98 टक्के सल्फ्युरिकची वाफ नेहमीच्या तापमानाला नगण्य असते. तिथे ब्लोअर लावून कोकणातली पावसाळी हवा टाकीत ओढणं म्हणजे पृष्ठभागावरचं ॲसिड पातळ करून लोखंडाची टाकी खायला देणं आणि वर हायड्रोजन तयार करणं. तिला हवा कोरडी करणारा ब्रीदर पुरतो.

पाण्याच्या स्क्रबरचं म्हणणं एचसीएलपुरतं अर्धं खरं आहे. ताजं पाणी एचसीएल झटकन शोषतं, पण तेच पाणी फिरवत राहिलं तर ते तापतं आणि स्वतःच ॲसिड होत जातं. म्हणून पाणी बदलत राहा किंवा शेवटच्या टप्प्याला कॉस्टिक सोड्याचं द्रावण ठेवा. नायट्रिकच्या तपकिरी धुरातला नायट्रिक ऑक्साइड मात्र पाण्यात फारसा विरघळतच नाही. तिथे हायड्रोजन पेरॉक्साइडसारखा ऑक्सिडायझर लागतो.