हवा कमी आहे

गेल्या रविवारी सकाळी तुळजापूरच्या रस्त्यावर तामलवाडीच्या अलीकडे एका टपरीत मी चहा पीत बसलो असताना, मला न विचारता माझ्या सायकलीच्या दोन्ही चाकांत हवा भरण्यात आली आणि वर त्या उपकाराचे 20 रुपये माझ्याकडून घेण्यात आले. आज बुधवार आहे. रुपयांचे काही नाही, असे मी घरात तीनदा बोलून दाखवले आहे, त्यावरून रुपयांचेच असणार, असे घरच्यांचे मत झाले आहे.

सायकलीविषयी थोडे सांगणे भाग आहे. तिला फॅट बाइक म्हणतात. साध्या माउंटन बाइकचा टायर दोन-सव्वादोन इंच रुंद असतो, हिचा 4 इंच आहे. फेब्रुवारीत आम्ही तिघे मित्र हिमाचलमधल्या स्पितीला जाणार आहोत. हिवाळ्यात मनालीकडून जाणारा कुंझुम खिंडीचा रस्ता बर्फाने बंद असतो, म्हणून सिमल्याहून किन्नौरमार्गे काझा गाठायचे आणि साडेबारा हजार फुटांच्या आसपास चार दिवस बर्फात सायकल चालवायची, असा बेत आहे. सोलापूरच्या माणसाला हे कोणी सांगितले आहे, हा प्रश्न सासऱ्यांपासून दूधवाल्यापर्यंत सर्वांचा विचारून झालेला असल्यामुळे तो इथे पुन्हा घेत नाही.

सरावाला चढ हवा आणि सोलापूर तव्यासारखे सपाट. त्यातल्या त्यात डोंगर म्हणावा असा बालाघाटाचा काठ तुळजापूरला आहे, म्हणून दर रविवारी पहाटे निघून पंचेचाळीस किलोमीटरवरचा तो घाट चढायचा आणि दुपारपर्यंत परत यायचे, असा क्रम मी सुरू केला. डिसेंबरातल्या पहाटेला आमच्याकडे चौदा-पंधरा अंश तापमान असते. एवढ्यावर अख्खे शहर कानटोपीत शिरते आणि वर्षभर उन्हाला शिव्या देणारी माणसे थंडीला शिव्या देण्याची हौस भागवून घेतात. मी त्यांना हसत नाही, कारण मी स्वतः त्याच तापमानात उणे वीस अंशांची तयारी करत होतो. हँडलच्या दोन्ही टोकांवर मी जाड अस्तराच्या खोळी बसवल्या होत्या. बर्फाळ मुलखात बोटे गोठू नयेत म्हणून या खोळींत हात घालून सायकल चालवतात. उळे गाव येईपर्यंत माझ्या तळव्यांना उकडून घाम फुटला होता.

तुळजापूरच्या रस्त्यावर जो मनुष्य गाडीविना दिसतो तो नवसाचाच असतो, अशी या भागाची खात्री आहे आणि तिच्यात चूक काही नाही. आश्विनी पौर्णिमेला याच रस्त्याने हजारो माणसे सोलापुराहून पायी जातात. त्यामुळे हेल्मेट घालून घाम गाळत चाललेल्या माझ्याकडे पाहून “आईचा नवस का?” असे विचारले जाते. पहिल्या रविवारी मी नाही म्हटले आणि मग काय ते समजावून सांगण्यात अर्धा तास गेला. दुसऱ्या रविवारपासून मी हो म्हणू लागलो. त्या दिवशी एका बाईंनी मला दोन केळी दिली. ती मी खाल्ली, हेही इथे कबूल करतो.

आता मुद्द्याची गोष्ट. मी चाकांत मुद्दाम 8 पीएसआय (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) हवा ठेवली होती. एवढ्या हवेवर टायर अंगठ्याने दाबला की आत जातो आणि माझ्यासारखा ऐंशी किलोचा मनुष्य वर बसला की खालच्या बाजूला पसरतो. दुरून पाहणाऱ्याला तो बसलेला टायर वाटतो. डांबरावर असे चालवणे हा शुद्ध गाढवपणा आहे, पण बर्फात पायांना जे जड लागते ते आधीच सोसून घ्यावे, या हेतूने तो गाढवपणा मी विचारपूर्वक करत होतो. शहर सोडेपर्यंतच सहा जणांनी मला “टायर बसलाय” म्हणून सांगितले. त्यांतल्या एकाने तर सिग्नल सुटल्यावरही मोटारसायकल माझ्या बरोबरीने हळूहळू चालवली आणि मी थांबत नाही असे पाहून, एखाद्या मरणासन्न माणसाकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहून तो निघून गेला.

टपरीला लागूनच पंक्चरचे दुकान होते. चहा पिताना कॉम्प्रेसरची भडभड मला ऐकू आली होती, परंतु आपण चहा पीत असताना चाललेली भडभड आपल्यासाठी आहे, असे कोणाच्या मनात येते? बाहेर येऊन पाहतो तो सायकल होती त्यापेक्षा दोन बोटे उंच झालेली. टायरवर टिचकी मारली तर डफासारखा आवाज आला. दुकानातला पोरगा पाइप गुंडाळत होता. शेजारी ट्रकच्या जुन्या टायरवर, डोक्याला कानटोपी आणि अंगाभोवती सोलापुरी चादर अशा थाटात, साठी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते आणि काम मनासारखे झाल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होते.

“घ्या मालक,” ते म्हणाले, “दोन्ही बसले होते. पस्तीस पस्तीस मारून दिली.”

“कोणी सांगितलं होतं तुम्हाला?”

“सांगायला कशाला पायजे? दिसतंय की. तेहतीस वर्षं एसटी चालवली मी. टायरकडं नुसतं बघून हवा सांगतो.”

एसटीच्या टायरमध्ये शंभराच्या आसपास हवा असते. तेहतीस वर्षे ती पाहिलेल्या डोळ्यांना माझे 8 म्हणजे मृत्यूच वाटला असणार, हे आता मला समजते. तेव्हा समजले नाही.

“मामा, ती हवा मी मुद्दाम कमी ठेवली होती.”

“मुद्दाम?” फाटकी नोट उलटसुलट करून पाहावी तसा त्यांनी तो शब्द पाहिला.

“ही सायकल बर्फात चालवायची असते. बर्फात हवा कमी लागते.”

मामांनी उजवीकडे पाहिले, तिथे ज्वारी उभी होती. डावीकडे पाहिले, तिथे तूर होती. समोरच्या रसवंतीचे पत्रे अजून बांधलेले होते, त्यामुळे आमच्या भागात बर्फ मिळण्याचे ते एकमेव ठिकाणही बंद होते.

“बर्फ कुठाय?”

“इथं नाही. हिमाचलमध्ये.”

“मग हवा तिथं जाऊन कमी करायची की ओ. हितनं कशाला कमी करून न्यायची?”

याला उत्तर नाही. चार दिवस झाले, अजून सुचलेले नाही. वास्तविक मामांचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. थंडीने हवा आकसते. 25 अंशांत 8 पीएसआय भरलेला टायर उणे 10 अंशांत पाचाच्या जवळ उतरतो. उलट उंचावर बाहेरच्या हवेचा दाब घटतो, त्यामुळे तोच टायर फुगल्यासारखा होतो. दोन्हींचा हिशेब सोलापुरात बसून जुळत नाही आणि म्हणून जाणकार माणसे हवा बर्फाच्या काठावर उभे राहूनच मोजतात. हे सारे मला पाठ होते आणि मी ते मामांना सांगितले नाही.

त्याऐवजी मी समजावून सांगायला बसलो, ही माझी चूक. टायर पसरला की वजन जास्त जागेवर वाटले जाते आणि चाक बर्फात रुतत नाही, असे मी म्हणालो. मामांनी क्षणभर विचार केला. “म्हणजे गोळा ठेवला तर परातीत एका जागी बसतो, भाकरी थापली की पसरते, तसं.” मी दोन वर्षे लोकांना हे समजावतो आहे आणि याहून चांगले मला एकदाही सांगता आलेले नाही. याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट, आपल्याकडे याहून मोठे काहीतरी आहे हे दाखवण्याच्या भरात मी थेट अलास्काला गेलो.

अलास्कात कुत्र्यांच्या घसरगाड्यांची एक प्रसिद्ध वाट आहे, तिच्यावर 1987 साली सायकलींची 200 मैलांची शर्यत झाली, साधी चाके बर्फात रुतत म्हणून लोकांनी दोन-दोन रिमा शेजारी ठेवून जोडल्या, मग कोणी 44 मिलिमीटर रुंदीची रिम काढली, पुढे 2005 साली कारखान्यात तयार झालेली जाड टायरची सायकल बाजारात आली, असे मी सांगत गेलो. बर्फावर चाकाची खूण इंचभराहून खोल उमटू लागली की हवा आणखी सोडायची, तरीही उमटली तर उतरून चालायचे, ही तिकडची रीतही सांगितली. एव्हाना चहावाला, एक टेम्पोवाला आणि शाळेच्या वयाची दोन मुले जमली होती. मामांनी एवढ्यातून तीनच गोष्टी उचलल्या.

“कुत्री ओढतेत सायकल?”

“नाही, कुत्री वेगळी.”

“आन् रुतली तर चालत जायचं?”

“हो.”

“आन् हे हँडलला काय? कानटोपी?”

मी हो म्हटले. मामा काही काळ गप्प राहिले. मग जमलेल्या मंडळींकडे वळून त्यांनी, एसटीच्या प्रवाशांना गाडी बंद पडल्याचे सांगावे तशा जबाबदार आवाजात, माझ्या व्याख्यानाचा सारांश सांगितला: “नवस हाय त्यांचा. हवा कमी ठेवून जायचा.”

सर्वांचे चेहरे एकदम बदलले. टेम्पोवाल्याने तोंडातली काडी काढली. चहावाल्याने असे कडक नवस पूर्वी असत, हल्ली कोणी करत नाही, असे म्हणून मान हलवली. मी “तसं नाही” म्हणायला तोंड उघडले, आणि मला ती दोन केळी आठवली. मी तोंड मिटले.

“म्हणजे मोडला की ओ नवस आपल्या हातानं!” मामा टायरवरून उठले. “सोड रे, सोड हवा!”

आणि त्या पोराने, मी “थांब” म्हणेपर्यंत, दोन्ही व्हॉल्व्हच्या पिना काढून घेतल्या. पस्तीसची हवा शिट्टी वाजवत तुरीच्या शेतात निघून गेली आणि सायकल हळूहळू गुडघे टेकत रिमवर आली. 8 नाही, 5 नाही, शून्य. पिना परत बसवल्यावर पोरगा पाइप घेऊन पुन्हा पुढे आला, पण त्या कॉम्प्रेसरच्या काट्याचा पहिला आकडाच 20 होता. शिवाय माझ्यात थोडा अभिमान उरला होता. पाठीवरच्या पिशवीतून मी हातपंप काढला.

जाड टायरमध्ये हवा कमी लागते याचा अर्थ ती थोडी लागते असा नव्हे. दाब कमी, पण पोट मोठे. टीचभर लांबीच्या हातपंपाने एका चाकाला मी मोजून 230 ठोके दिले आणि दुसऱ्याला मोजण्याचे सोडून दिले. एवढा वेळ तिथे कोणी बोलले नाही. टेम्पोवाल्याने गाडी बंद केली होती. मुलांपैकी धाकट्याने मध्येच चप्पल काढून ठेवली. मी घामाने निथळत दुसरे चाक संपवले, खिशातल्या काट्याने मोजले, 8 आले, आणि कोणीतरी मागून हळूच “आई राजा उदो उदो” म्हणाले.

निघताना पोराने 20 रुपये मागितले.

“अरे, भरलेली सगळी हवा तूच सोडलीस ना?”

“सोडायचं काय घेत नाय साहेब. भरायचे धा-धा.”

मी मामांकडे पाहिले. मामांनी कानटोपी कानांवर नीट ओढून घेतली, कारण त्यांना हिशेबातले ऐकू येत नसावे. मी पैसे दिले.

घाट झाला. घाटाविषयी लिहिण्यासारखे काही नाही, तो उभा आहे आणि मी दोनदा उतरून चाललो. परतीच्या वाटेवर मात्र माझ्या हिताची चिंता करणाऱ्यांचा पूर आला. पुलाखालून एकाने हाक मारली, एसटीच्या खिडकीतून दोघांनी हात केले, पाठीमागून येणारे एक कुटुंब तर चौघेही मोटारसायकलवरून एकाच सुरात “हवा नाही!” असे ओरडून गेले. मी सर्वांना हसून हात दाखवत राहिलो. आतून मात्र मला संताप येत होता. साखर कारखान्यांचा हंगाम चालू आहे. त्या दिवशी पहाटे अंधारात दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना लाल पट्टी, मला दिसला तेव्हा त्यातली उसाची कांडी माझ्या हेल्मेटला लागायची राहिली होती. वर गाणी मोठ्याने चालू, त्यामुळे ओरडूनही उपयोग नाही. त्या ट्रॅक्टरला सकाळपासून किती जणांनी गाठून “मालक, मागं दिवा नाही” असे सांगितले असेल? एकानेही नाही, हे मी शपथेवर सांगतो. दर हिवाळ्यात या रस्त्यांवर माणसे अशा ट्रॉल्यांवर आदळतात, आणि बघणाऱ्यांची सगळी दक्षता माझ्या 4 इंच टायरवर खर्च होते.

या विचारात मी दोन-अडीच किलोमीटर गेलो असेन, तेव्हा मागच्या चाकाखालून दगडावर पत्रा घासल्याचा आवाज आला. उतरून पाहिले. वेड्या बाभळीचा दीड इंचाचा काटा टायरात पुरता शिरलेला होता आणि आत खरोखरच हवा नव्हती. ते चौघे बरोबर होते. पुलाखालचाही बहुधा बरोबर होता. जादा ट्यूब मी घरी, स्पितीच्या सामानात, नीट गुंडाळून ठेवलेली होती.

सायकल ढकलत मी त्याच दुकानापर्यंत आलो. मामा अजून त्याच टायरवर बसले होते, ऊन चढल्यामुळे चादर फक्त खांद्यांवरून मांडीवर आली होती. ते काही बोलले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवतो. पोराने काटा काढला, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधले, ठिगळ लावले आणि पंक्चरचे 80 होतील म्हणाला, एरवी 40, पण टायर दुप्पट जाड आहे. मी वाद घातला नाही. मग पाइप हातात घेऊन त्याने माझ्याकडे पाहिले.

“हवा नवसाची भरू का साधी?”

“साधी,” मी म्हणालो.

“फिटला मग,” मामा म्हणाले आणि त्यांनी चहावाल्याला दोन चहा सांगितले. त्याचेही पैसे मीच दिले.